मी मुलगा की मुलगी? बालमनाला हे कसे उमगते?

मांजराच्या तोंडावर कुत्र्याचा मुखवटा चढवला, तर ते मांजर कुत्रा होईल का? हा प्रश्न तुम्हाला विचारला तर तुम्ही हसाल. पण अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रीटा डेव्हरीस यांनी तो तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अगदी गंभीरपणे विचारला. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात मेनार्ड नावाचे एक गरीब स्वभावाचे मांजर होते. मुलांनी आधी त्याला गोंजारले, त्याच्याशी खेळून घेतले. मग त्याचा पुढचा भाग पडद्याआड नेऊन त्याला कुत्र्याचा हुबेहूब मुखवटा घालण्यात आला. शेपटीकडचा भाग मुलांना सर्व वेळ दिसतच होता. म्हणजे मांजर काढून तेथे कुत्रा आणून ठेवला, असा संशय यायला जागा नव्हती. तरीही तीन वर्षांच्या पुष्कळ मुलांनी सांगितले की हा आता कुत्रा आहे! सहा वर्षांच्या मुलांनी मात्र ठामपणे सांगितले, की मुखवटा कोणताही घाला, आत मांजरच आहे.

या तीन वर्षांत मुलाच्या मनात काय घडते? वस्तूचे वरचे रूप बदलले तरी तिची मूळ ओळख कायम राहते, ही गोष्ट त्याला हळूहळू उमगते. आणि गंमत अशी, की ‘मी मुलगा आहे’ किंवा ‘मी मुलगी आहे’ हे ज्ञानही मूल जवळजवळ याच वाटेने मिळवते. ते जन्मतः तयार मिळत नाही आणि कोणी एकदा सांगितले म्हणून पक्केही होत नाही. एखादा संशोधक पुरावे गोळा करून नियम शोधतो, तसे मूल ते स्वतः जुळवते.

पुढे जाण्यापूर्वी तीन गोष्टी वेगळ्या करून घेऊ. पहिली शारीरिक लिंग. ते गुणसूत्रे, संप्रेरके आणि शरीराची घडण यांच्याशी संबंधित आहे. दुसरी लिंगओळख, म्हणजे मी कोण आहे याविषयी ज्याच्या त्याच्या मनात असलेली जाणीव. तिसरी गोष्ट म्हणजे समाजाच्या अपेक्षा: मुलींनी असे वागावे, मुलांनी तसे वागावे, अमुक खेळ मुलांचा, तमुक काम बायकांचे. मोठ्या माणसांच्या बोलण्यात या तिन्ही गोष्टींचा गुंता झालेला असतो. लहान मुलाला तो गुंता तसाच्या तसा मिळतो आणि तो त्याला सोडवावा लागतो.

पहिल्या खुणा

सुरुवात फार लवकर होते. पॉल क्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली तीन-चार महिन्यांच्या बाळांना स्त्री आणि पुरुष अशा दोन चेहऱ्यांची छायाचित्रे शेजारी शेजारी दाखवली. ज्या बाळांना प्रामुख्याने आईने सांभाळले होते, ती स्त्रीच्या चेहऱ्याकडे अधिक वेळ पाहत. ज्या थोड्या बाळांना प्रामुख्याने वडिलांनी सांभाळले होते, ती पुरुषाच्या चेहऱ्याकडे अधिक वेळ पाहत. म्हणजे या वयात बाळाला स्त्री-पुरुष या कल्पना माहीत नसल्या, तरी चेहऱ्यांतील फरक ते टिपत असते. त्याची आवड ठरते ती सवयीने.

दीड वर्षाच्या सुमारास शब्द फुटू लागतात. ‘ताई’, ‘दादा’, ‘मुलगी’, ‘मुलगा’ अशी नावे मूल योग्य ठिकाणी वापरू लागते. अमेरिकेत मातांनी ठेवलेल्या नोंदींवरून केलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे शब्द सरासरी १९व्या महिन्यात येतात असे आढळले. अडीच ते तीन वर्षांचे झाल्यावर बहुतेक मुले स्वतःविषयीच्या प्रश्नाचेही बरोबर उत्तर देतात. पण बरोबर उत्तर देणे आणि त्याचा अर्थ कळणे यांत अंतर आहे, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको!

कोहलबर्ग यांच्या तीन पायऱ्या

हे अंतर मूल कसे कापते, याचा आराखडा लॉरेन्स कोहलबर्ग यांनी १९६६ साली मांडला. स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ झाँ पियाजे यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. बुटक्या, रुंद पेल्यातील पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतले, की चार वर्षांच्या मुलाला पाणी वाढले असे वाटते. पाण्याची पातळी वाढली तरी पाणी तेवढेच राहते, हे समजायला त्याला आणखी दोन-तीन वर्षे लागतात. कोहलबर्ग यांचे म्हणणे असे, की लिंगाविषयीची समजही याच विचारशक्तीवर अवलंबून असते.

त्यांच्या मते पहिली पायरी ओळखण्याची: मी मुलगी आहे, तो मुलगा आहे. दुसरी पायरी काळाची: मी तान्ही असतानाही मुलगी होते आणि मोठी झाल्यावर बाई होईन. तिसरी पायरी रूपाची: मी केस कापले, सदरा-विजार घातली, गोट्या खेळले, तरी मी मुलगीच आहे. ही तिसरी पायरी गाठायला पाच ते सात वर्षांचे वय यावे लागते.

रोनाल्ड स्लेबी आणि कॅरिन फ्रे यांनी १९७५ साली हा आराखडा प्रश्न विचारून पडताळला. तू तान्हे बाळ होतास तेव्हा मुलगा होतास की मुलगी? मोठेपणी तू आई होशील की बाबा? तू मुलीचे कपडे घातलेस तर कोण होशील? अशा प्रकारचे ते प्रश्न होते. मुलांची उत्तरे साधारण याच क्रमाने सुधारत गेल्याचे त्यांना दिसले. त्यामुळे चार वर्षांचा एखादा मुलगा ‘मी मोठा झालो की आई होणार’ असे म्हणाला, तर त्यात घाबरण्यासारखे किंवा टिंगल करण्यासारखे काही नाही. त्याची गाडी अजून दुसऱ्या स्थानकावर यायची आहे, एवढेच.

केसांच्या क्लिपा आणि शरीर

रूपाची पायरी मुलांना इतकी अवघड का जाते? सँड्रा बेम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याचे एक साधे कारण सुचवले. त्यांचा चार वर्षांचा मुलगा एकदा केसांना क्लिपा लावून बालवाडीत गेला. तेथील एका सवंगड्याने ‘तू मुलगी आहेस, कारण क्लिपा फक्त मुलीच लावतात,’ असा हेका धरला. आपले शरीर मुलाचे आहे हे बेम यांच्या मुलाने परोपरीने पटवून दिले, तरी त्या सवंगड्याचे मत बदलले नाही. त्याच्या दृष्टीने शरीर हा पुरावाच नव्हता. खरा पुरावा होता क्लिपा!

यावर बेम यांनी १९८९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी आधी उघड्या बाळांची छायाचित्रे दाखवली आणि मग तीच बाळे मुलाच्या व मुलीच्या वेशांत दाखवली. मुलगा आणि मुलगी यांच्या शरीरांत कोणता फरक असतो हे ज्यांना माहीत होते, त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी वेश बदलला तरी बरोबर उत्तर दिले. ज्यांना ते माहीत नव्हते, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ते जमले. मोठी माणसे शरीराविषयी बोलणे टाळतात. मग मुलाच्या हाती कपडे, केस, बांगड्या याच खुणा उरतात आणि ते त्यांवरच आपला नियम उभारते.

या खुणा तर गावोगावी आणि काळानुसार बदलणाऱ्या. कानातले दागिने बायकांचे, असे आज पुष्कळांना वाटते. पण आपल्याकडे मुलगा असो वा मुलगी, लहानपणी दोघांचेही कान टोचण्याची रीत आहे आणि पुरुषांची भिकबाळी तर सर्वांच्या परिचयाची आहे. लांब केस मुलींचे, असे म्हणावे तर शीख मुलगे केस कापत नाहीत. अशा सरकणाऱ्या खुणांवरून नियम शोधायचा म्हणजे चार वर्षांच्या मुलापुढे केवढे कोडे पडत असेल!

भाषेची मदत

या कोड्यात आपली भाषा मुलाला एक महत्त्वाचा धागा पुरवते. मराठीत ‘मी जेवतो’ आणि ‘मी जेवते’ यांतून बोलणारा कोण ते लगेच कळते. ‘कुठे चाललास?’ आणि ‘कुठे चाललीस?’ या प्रश्नांतून ऐकणाऱ्याचे लिंग कळते. मराठी घरातील मुलाला रोज शेकडो वाक्यांतून तू कोण आहेस हे सांगितले जात असते. फिनिश भाषेत मात्र असे काही नाही. तिथे ‘तो’ आणि ‘ती’ यांसाठीही एकच सर्वनाम आहे. इंग्रजी या दोहोंच्या मध्ये येते. हिब्रू भाषा याबाबतीत मराठीच्याही पुढे आहे, कारण तिच्यात ‘तू’ हा शब्दसुद्धा मुलाला वेगळा आणि मुलीला वेगळा असतो.

अलेक्झांडर गियोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तीन भाषा बोलणाऱ्या लहान मुलांची तुलना केली आणि ती १९८२ साली प्रसिद्ध केली. आपण मुलगा की मुलगी हे हिब्रू भाषक मुलांना सर्वांत आधी उमगत होते, फिनिश भाषक मुलांना सर्वांत उशिरा. अर्थात या तीन देशांत भाषेखेरीज इतरही फरक आहेत, म्हणून सारे श्रेय व्याकरणाला देता येणार नाही. शिवाय ‘आला का माझा राजा?’ असे लाडाने मुलीलाही म्हटले जाते, आणि कोल्हापूरकडच्या कित्येक स्त्रिया ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे सहज बोलतात. त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या ओळखीत काडीचाही फरक पडत नाही. व्याकरण हा एक धागा आहे. मूल असे अनेक धागे जुळवत असते.

पाहणाऱ्याची नजर

काही धागे मात्र आपण मोठी माणसे नकळत गुंफतो. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुकतेच पहिले मूल झालेल्या ३० जोडप्यांना २४ तासांच्या आत आपल्या बाळाचे वर्णन करायला सांगितले होते. १५ बाळे मुलगे होती, १५ मुली. वजन, लांबी आणि प्रकृती यांत दोन्ही गटांत काही फरक नव्हता. तरी मुलींच्या आईबापांना आपले बाळ अधिक नाजूक, अधिक कोमल वाटले.

जॉन आणि सँड्रा काँड्री यांचा १९७६ सालचा प्रयोग याहून बोलका आहे. नऊ महिन्यांच्या एका बाळाची चित्रफीत त्यांनी २०४ जणांना दाखवली. झाकण उघडताच टुणकन बाहेर येणारे बाहुले पाहून ते बाळ रडू लागते, असा त्यात प्रसंग होता. हा मुलगा आहे असे ज्यांना सांगितले होते, त्यांना बाळ चिडलेले वाटले. ही मुलगी आहे असे ज्यांना सांगितले होते, त्यांना ते घाबरलेले वाटले. बाळ तेच आणि रडणेही तेच! आता विचार करा, चिडलेल्या बाळाशी आपण जसे वागतो तसेच घाबरलेल्या बाळाशी वागतो का? वागणे बदलले की बाळाचा अनुभव बदलतो, आणि अनुभवातूनच ते शिकते.

खोक्यावरची चिठ्ठी

आपण कोण हे एकदा कळले, की मूल दुसऱ्या कामाला लागते. माझ्यासारख्यांनी काय करायचे, याचे नियम ते गोळा करते. १९८६ साली मर्लिन ब्रॅडबार्ड, कॅरोल लिन मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार ते नऊ वर्षांच्या मुलांपुढे अनोळखी वस्तूंची खोकी ठेवली. एका खोक्यातील वस्तू मुलांच्या, दुसऱ्यातील मुलींच्या आणि तिसऱ्यातील दोघांच्याही, असे सांगितले. ही विभागणी संशोधकांनी आपल्या मनाने केलेली होती. तरीही ‘आपल्या नसलेल्या’ वस्तूंना मुलांनी हात कमी लावला. आठवड्याने विचारले तेव्हा त्या वस्तूंची बारीकसारीक माहितीही त्यांना कमी आठवली. नीट आठवल्यास बक्षीस देऊ, असे सांगूनही हा फरक गेला नाही.

हा प्रयोग प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावा असा आहे. त्या मुलांची बुद्धी कमी पडली नव्हती. जे आपले नाही असे वाटले, तिकडे त्यांनी नीट पाहिलेच नव्हते. खोक्याच्या जागी ‘यंत्रे मुलांसाठी’, ‘स्वयंपाक मुलींसाठी’ अशी वाक्ये ठेवून पाहा, म्हणजे अशा वाक्यांची किंमत कळेल.

पाच-सहा वर्षांची मुले या नियमांची सर्वांत कडक पहारेकरी असतात. ‘हे मुलींचे असते’, ‘मुलगे असे करत नाहीत’ असे ती एकमेकांना ठणकावतात. जर्मनीत अनेक वर्षे त्याच मुलांचा मागोवा घेऊन केलेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की हा कडकपणा पाच-सहा वर्षांच्या वयात शिगेला पोहोचतो आणि सात-आठ वर्षांनंतर बऱ्याच मुलांत सैल होतो. नवा नियम शिकणारा तो फार घट्ट धरतो, तसेच हे आहे. पुढे त्याला अपवाद दिसू लागतात. ते दिसण्यासाठी अर्थातच ते आजूबाजूला असावे लागतात. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आई आणि बाबा दोघे मिळून भाजी निवडत आहेत असे चित्र आले, त्याचे महत्त्व या दृष्टीने पाहावे.

सगळे शिकवण्यावर अवलंबून आहे का?

मग आपण जे शिकवू तेच मूल होईल का? तसे नाही. कॅनडात १९६५ साली जन्मलेल्या जुळ्या भावांपैकी एकाच्या जननेंद्रियाला, तो आठ महिन्यांचा असताना, शस्त्रक्रियेच्या वेळी कायमची इजा झाली. जॉन मनी या नामवंत मानसशास्त्रज्ञांच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवण्यात आले. नाव, कपडे, खेळणी सारे मुलीचे. १९७२ साली मनी यांनी हे उदाहरण यशस्वी म्हणून मांडले. प्रत्यक्षात ते मूल मुलगीपणात कधी रमलेच नाही. १४व्या वर्षी खरी हकीकत कळल्यावर त्याने मुलगा म्हणून जगायचे ठरवले. हे १९९७ साली उघडकीस आले, तेव्हा केवळ वाढवण्यावर ओळख ठरते या मताला मोठा धक्का बसला.

दुसरीकडे, काही मुलींच्या शरीरात जन्मापूर्वी एका आनुवंशिक विकारामुळे पुरुषी संप्रेरके जास्त तयार होतात. अशा मुली मोटारी आणि ठोकळे यांच्याशी इतर मुलींपेक्षा अधिक खेळतात, असे १९९२ साली शेरी बेरेनबॉम आणि मेलिसा हाइन्स यांना आढळले. पण त्यांच्यापैकी बहुतेकजणी स्वतःला मुलगीच मानतात. म्हणजे खेळाची आवड आणि स्वतःची ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भातुकली आवडणारा मुलगा हा मुलगाच असतो, आणि झाडावर चढणारी मुलगी ही मुलगीच.

काही थोड्या मुलांची ओळख मात्र जन्माच्या वेळी ठरवलेल्या लिंगाशी जुळत नाही. अशा व्यक्तींना आपण पारलिंगी म्हणतो. क्रिस्टिना ओल्सन यांनी २०१५ साली पाच ते बारा वर्षांच्या ३२ पारलिंगी मुलांच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. स्वतःविषयी झटकन, विचार न करता दिलेल्या प्रतिसादांतही ती मुले त्यांच्या ओळखीच्या इतर मुलांसारखीच होती. ती नाटक करत होती किंवा गोंधळलेली होती, असे त्यावरून दिसत नाही. कुटुंबाच्या पाठिंब्याने आपल्या ओळखीप्रमाणे राहू लागलेल्या अशा ३१७ मुलांचा ओल्सन यांच्या गटाने पुढेही मागोवा घेतला. सरासरी पाच वर्षांनंतर त्यांतील ९४ टक्के मुलांची ओळख पारलिंगी हीच होती, असे २०२२ साली प्रसिद्ध झाले. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या निकालात स्वतःची लिंगओळख सांगण्याचा हक्क मान्य केला.

तेव्हा शरीर, मेंदू, घर, भाषा आणि मुलाची स्वतःची विचारशक्ती हे सारे मिळून ही जाणीव घडते. त्यांतील कोणताही एक धागा ओढून सगळा उलगडा होत नाही.

तुम्हीही पाहा

घरात किंवा शेजारी तीन ते सात वर्षांची मुले असतील, तर त्यांच्या आईवडिलांना विचारून एक छोटे निरीक्षण करता येईल. मराठीत प्रश्न विचारताना एक अडचण येते. ‘तू तान्ही होतीस तेव्हा...’ असे म्हटले की उत्तर प्रश्नातच फुटते! म्हणून चित्र काढून राजू नावाच्या मुलाची गोष्ट सांगा आणि तीन प्रश्न विचारा. राजू मुलगा की मुलगी? मोठेपणी राजू आई होईल की बाबा? राजूने ताईचा फ्रॉक घातला, आता राजू कोण? ‘होईल’ आणि ‘राजूने घातला’ या रूपांतून राजूचे लिंग कळत नाही, हे तुमच्या ध्यानात आले असेलच. उत्तराबरोबर ‘कशावरून?’ हेही विचारा आणि मुलाचे वय व त्याचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहा. उत्तर चुकले तरी हसू नका, सुधारूही नका. वयाप्रमाणे उत्तरे आणि कारणे कशी बदलतात हे दहा-बारा नोंदींतच दिसू लागेल.

आणि आणखी एक नोंद ठेवा. दिवसभरात मोठी माणसे लहान मुलांना ‘मुलीसारखा रडू नकोस’, ‘मुलगी असून अशी काय वागतेस’ यांसारखी वाक्ये किती वेळा म्हणतात ते मोजा. मूल आपली ओळख स्वतः शोधते, हे आपण पाहिले. त्या शोधाच्या वेळी त्याच्या कानावर काय पडते आणि त्याचे म्हणणे कोणी ऐकून घेते की नाही, एवढे तरी नक्कीच आपल्या हाती आहे.